दुसऱ्या दफनाचं ऋण

आग्नेय नायजेरियातल्या इग्बो-उक्वू या गावी १९३८-३९च्या सुमारास इसाया अनोझी यांनी पाणी साठवण्यासाठी घराच्या आवारात टाकं खणायला घेतलं. फार खोल जायच्या आतच हत्याराला कांस्याच्या वस्तू लागू लागल्या. काही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नेल्या, काही एका ब्रिटिश अधिकाऱ्याने विकत घेतल्या आणि प्रकरण तिथेच थांबलं. वीस वर्षांनी, १९५९मध्ये, थर्स्टन शॉ हे पुरातत्त्वज्ञ तिथे उत्खननाला आले. अनोझी कुटुंबातल्याच रिचर्ड यांच्या आवारात खणताना त्यांना जमिनीखाली एक खोली सापडली.

खोलीच्या भिंतींना लाकडी फळ्या होत्या आणि तळाशी चटई अंथरलेली होती. आत एक माणूस पुरला होता. त्याला आडवा ठेवलेला नव्हता, बैठकीवर बसवलेला होता. डोक्यावर तांब्याचा मुकुट, छातीवर तांब्याचा पत्रा, पायांत तांब्याचे वाळे, हातांत निळ्या मण्यांची कडी. जवळ पंख्याची मूठ आणि चवरीची मूठ, आणि त्या चवरीच्या मुठीवर ओतीव कांस्याचा छोटा घोडेस्वार. शेजारी तीन हस्तिदंत आणि कांस्यात घडवलेली बिबट्याची कवटी. मणी एवढे, की मोजदाद लाखावर गेली. काळ सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा. हे कांस्यकाम बाहेरून आलं असणार असं युरोपातल्या अनेकांनी आधी गृहीत धरलं होतं. पुढे तपासणीत तांबं आणि शिसं जवळच्याच अबाकालिकीच्या बाजूचं असल्याचं दिसून आलं.

खोलीच्या लाकडी छतावर आणखी किमान पाच माणसांचे अवशेष होते. त्यांच्या डोक्यावर मुकुट नव्हता. धन्याच्या सोबतीला पाठवलेली ही माणसं. त्या कांस्याच्या कलाकुसरीबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली आहेत आणि ती कला त्या कौतुकाला पात्रही आहे. पण या दफनाचा इतिहास सांगताना त्या पाच जणांना वगळून चालणार नाही. मोठ्या माणसाच्या मरणात गुलामांना सोबत धाडण्याची रीत इथल्या इग्बो लोकांच्या प्रदेशाच्या काही भागांत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली होती.

बसवून पुरण्यामागे एक पक्की समजूत होती. जवळच्याच न्री या गावी एझे न्री नावाचा पुरोहित-राजा असे. त्याच्याकडे फौज नव्हती. पृथ्वीमातेचा म्हणजे आलाचा विटाळ झाला तर तो काढण्याचा अधिकार हीच त्याची सत्ता. गादीवर बसण्याआधी त्याचं प्रतीकात्मक मरण होई, दफन होई, आणि मग पांढऱ्या मातीने माखलेला तो बाहेर येई. तेव्हापासून लोक त्याला जिवंत माणसांत धरत नसत, आत्म्यांत धरत. खऱ्या मरणानंतरही त्याला बसवूनच पुरत. शॉ यांना सापडलेला माणूस न्रीच्या परंपरेतलाच कुणी मानकरी असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मला त्यात महत्त्वाचं हे वाटतं, की हा माणूस कामावर आहे. त्याचं पद मरणाने सुटलेलं नाही, फक्त कचेरी जमिनीखाली गेली आहे.

इग्बोंच्या मरणविषयक कल्पनांची किल्ली इथेच आहे. मेलेला माणूस भावकीतून उठून जात नाही. तो तिच्यात वरच्या पायरीला जातो. पूर्वज, ज्यांना न्डीचिए म्हणतात, ते घरातच वावरतात. कोलानट फोडला की पहिला तुकडा त्यांचा, ताडी ओतली की पहिला घोट जमिनीवर. शेतीचा वाद असो की सोयरिकीचा, भावकीचा वडीलधारा हातात ओफोची काठी धरून बोलतो, तेव्हा ती काठी त्याच्या आधी ज्यांनी धरली ते सगळे त्याच्या मागे उभे आहेत असं मानलं जातं. आणि हेच पूर्वज परत जन्मालाही येतात. तान्ह्या बाळाच्या रूपात कोण आलं आहे हे दैवज्ञाला विचारून ठरवतात. न्नान्ना हे नाव ज्याला दिलं, तो वडिलांचा बाप. न्नेन्ना म्हणजे बापाची आई. नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष अझिकिवे यांचं न्नाम्दी हे नावही याच कुळातलं, बाप अजून आहे असं सांगणारं.

मात्र पूर्वज होणं आपोआप घडत नाही. त्यासाठी माणूस पुरेसा जगलेला हवा, चांगल्या मरणाने गेलेला हवा, त्याच्यामागे मुलं हवीत. आणि हे सगळं असूनही शेवटची गोष्ट जिवंतांच्याच हातात असते. त्याला दोनदा पुरावं लागतं.

पहिलं दफन घाईचं असे. हवा दमट, उष्णता भयंकर, त्यामुळे देह एक-दोन दिवसांत मातीआड करावाच लागे. प्रेताला आंघोळ घालत, उही नावाच्या लाकडाची लाल पूड चोळत, कापडात आणि चटईत गुंडाळत आणि बहुधा त्याच्याच घरात किंवा आवारात पुरत. पुरुषाने आयुष्यभर पुजलेली इकेंगाची लाकडी मूर्ती, म्हणजे त्याच्या उजव्या हाताच्या कर्तृत्वाचं दैवत, अनेक ठिकाणी मधोमध दोन भागांत फोडली जाई. तो गेला, तिचं काम संपलं. ओझो किताबाच्या मानकऱ्याचं मरण तर कित्येकदा लगेच जाहीरही करत नसत. तयारी होईपर्यंत घरचे लोक ओठ मिटून राहत.

यानंतर सुरू होई वाट पाहणं. महिने, कधी वर्षं. मेलेला माणूस पुरला गेलेला असे, पण पोचलेला नसे. पूर्वजांच्या गावाच्या वेशीबाहेर तो ताटकळत उभा. इकडे मोठा मुलगा सुरणासारखे यामचे कंद साठवतो, बकऱ्या पाळतो, गाय घेण्यासाठी पैसा जोडतो. जुळणी झाली की इक्वा ओझू, म्हणजे दुसरं दफन. त्यात देह परत काढत नाहीत, सगळा सोहळा देहाविनाच होतो. आपल्याकडच्या वर्षश्राद्धाची आठवण मराठी वाचकाला होईल, पण इथला पसारा फार मोठा आणि बराचसा उघड्यावरचा. बंदुकांचे बार उडतात, पोकळ लाकडाचे एक्वे घुमतात, गावोगावचे नाचाचे ताफे येतात. प्रत्येक जावयाने आपापला ताफा आणि आपापलं जनावर घेऊन यायचंच. कोणी काय आणलं, कोणी नुसता हात हलवत आला, हे भावकी पुढची वीस वर्षं लक्षात ठेवते. आणि मग मुखवट्यांचे म्मुओ येतात. ही माणसं मुखवटे घालून नाचताहेत असं कोणी म्हणत नाही. पूर्वज वारुळातून वर आले आहेत, नव्या सोबत्याला न्यायला.

या सोहळ्यात खरा दरारा असतो तो माहेरवाशिणींचा. दूरदूरच्या गावांत दिलेल्या कुळाच्या लेकी, त्यांना उमुआडा म्हणतात, गटाने येऊन बसतात, रात्री जागतात, गातात. त्यांचं जेवणखाण नीट झालं नाही, एखाद्या सुनेने मृताची नीट सेवा केली नव्हती असा त्यांना संशय आला, तर सगळा विधी अडून राहतो. मोठमोठे किताबवाले त्यांच्यापुढे हात जोडतात. लेक परक्याची झाली असं हा समाज मानत नाही. पूर्वी काही भागांत विवाहित स्त्रीचा देहसुद्धा माहेरी नेऊन पुरत.

पण हाच दरारा विधवेच्या वाट्याला फार कडवट होऊन येई. तिचं डोकं भादरायचं, तिने जमिनीवर बसायचं, फुटक्या भांड्यात जेवायचं. इग्बोंचा आठवडा चार दिवसांचा, एके, ओरिए, आफो आणि न्क्वो. अशा सात आठवड्यांचे अठ्ठावीस दिवस तिने कोंडून राहायचं आणि पुढे वर्षभर शोकाचे कपडे. नवऱ्याच्या मरणात हिचा हात नाही ना, अशी शंका निघाली तर काही गावांत प्रेत धुतलेलं पाणी तिला प्यायला लावत. हे करवून घेणाऱ्या बहुतेक वेळा उमुआडाच. बाईवरचा बाईचा हा अधिकार पाहताना परंपरेबद्दलचं माझं प्रेम थांबतं. एनुगू राज्याने २००१मध्ये विधवा-विधुरांच्या हक्कांचा कायदा करून अशा सक्तीवर बंदी घातली. ती घालावी लागली, इतक्या उशिरापर्यंत हे चालू होतं.

काहींच्या नशिबी दुसरं दफन तर नाहीच, पहिलंही नसे. ज्याने स्वतःचा जीव घेतला, ज्याचं अंग सुजून मरण आलं, ज्याला देवी किंवा महारोग झाला, त्याने आलाचा अपराध केला असं समजत. अशा माणसाला माती देणं म्हणजे मातीलाच बाटवणं. त्याचा देह आजो ओफिया म्हणजे वाईट जंगलात टाकून येत. गळफास घेतलेल्याला खाली उतरवायलाही स्वकीय हात लावत नसत, परके बोलवावे लागत. चिनुआ अचेबे यांच्या १९५८च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीचा शेवट याच नियमावर उभा आहे. आणि ओग्बान्जे म्हणजे जन्मून लगेच मरणारं, पुन्हा त्याच आईच्या पोटी येणारं मूल. त्याच्या देहावर खूण करून ठेवत, म्हणजे परत आलं तर ओळखू येईल. लोक म्हणत, की त्याने जमिनीत कुठेतरी एक गारगोटी पुरलेली असते. ती शोधून काढली की येरझार थांबते. बालमृत्यूंनी पिचलेल्या आयांनी दुःखाला दिलेला हा आकार आहे. पुढच्या पिढ्यांत डॉक्टरांनी त्यामागे सिकलसेल या रक्ताच्या आजाराकडे बोट दाखवलं.

अठराव्या शतकात या व्यवस्थेवर पहिला मोठा घाव पडला. बियाफ्राच्या आखातातून, बॉनी आणि कालाबार बंदरांतून, जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांत इग्बोंची संख्या मोठी होती. ओलाउडाह इक्वियानो याने १७८९मध्ये लंडनमध्ये आत्मचरित्र छापलं. इग्बो मुलुखातलं आपलं बालपण सांगताना तो एक दृश्य रंगवतो. आई तिच्या आईच्या थडग्याशी जाते, तिथे गवताने शाकारलेली एकाकी झोपडी आहे, तिथे ती नैवेद्य ठेवते आणि रात्रभर रडते. लहानगा मुलगा सोबत असतो, काळोख, रातपाखरांचे आवाज आणि आईचं रडणं ऐकून थिजून जातो. पूर्वजांना अन्न ठेवायला कुणीतरी येतंच, हा विश्वास त्या पोराच्या हाडात कसा मुरला असेल ते या एका प्रसंगातून कळतं. आणि मग विचार करा, की अशा माणसाला समुद्रापार नेऊन कापसाच्या, भाताच्या मळ्यात टाकलं. तिथे मेलं तर पुरणार कोण? मुलगा कुठे? भावकी कुठे? जावई कुठले?

मे १८०३मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर याचं उत्तर मिळालं. सव्हाना इथे विकत घेतलेले सुमारे पाऊणशे इग्बो एका छोट्या गलबतातून सेंट सायमन्स बेटाकडे नेले जात होते. वाटेत त्यांनी उठाव केला. गलबत डनबार खाडीत लागलं आणि त्यांच्यातल्या अनेकांनी किनारा न धरता पाण्यात पाय टाकला, पुढे पुढे चालत गेले आणि बुडाले. ती जागा आजही इग्बो लँडिंग म्हणून ओळखली जाते. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या लोककथांत ही माणसं मेलीच नाहीत, उडून घरी परत गेली.

घरी असताना आत्महत्या हा सगळ्यात मोठा विटाळ. मग त्यांनी हे का केलं? मला वाटतं, त्यांच्या हिशेबात ती आत्महत्या नव्हतीच. आलाचा अपराध आलाच्या भूमीवर होतो. ही भूमी तिची नव्हती. इथे आयुष्य काढून म्हातारपणी मेलं तरी दुसरं दफन मिळणार नव्हतं, म्हणजे वेशीबाहेर कायमचं ताटकळणं. पाण्यातून मात्र परत जाता येईल अशी आशा होती. कॅरिबियनमधल्या मळेवाल्यांना ही समजूत चांगली ठाऊक होती. इग्बो उदास असतात, जीव देतात, असा त्यांचा बाजारात लौकिक होता आणि भाव त्यावरून पडे. आत्महत्या केलेल्या आफ्रिकी गुलामांची मुंडकी कापून खांबावर लावण्याचे प्रकार तिथे घडले, ते मागे राहिलेल्यांना एवढंच दाखवायला, की बघा, हा कुठेही परत गेलेला नाही. प्रेतावर सूड उगवण्यामागे एवढा थंड हिशेब होता.

दुसरा घाव तलवारीने आला नाही. जुलै १८५७मध्ये सॅम्युअल अजायी क्रॉथर यांनी नायजर नदीकाठी ओनित्शाला चर्च मिशनरी सोसायटीचं ठाणं मांडलं. तिथे राहिलेले पहिले मिशनरी जॉन ख्रिस्तोफर टेलर हे सिएरा लिओनमध्ये जन्मलेले, पण त्यांचे आईबाप गुलामगिरीतून सुटलेले इग्बोच. १८८५मध्ये कॅथलिक आले. जुळी मुलं टाकणं, गुलामांना सोबत पुरणं हे मिशनरींनी थांबवलं आणि त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण त्यांनी दुसरं दफनही मूर्तिपूजा ठरवलं. चर्चसाठी जागा मागितली की काही गावांनी वाईट जंगलातली जमीन दिली, कारण तिथे हे परके चार दिवसही टिकणार नाहीत अशी खात्री होती. ते टिकले. ज्या जागी आत्महत्या केलेले आणि देवी आलेले टाकले जात तिथे घंटा वाजू लागली. गावाच्या मनावर याचा परिणाम कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठा झाला असणार.

पुढची काही दशकं भांडणं प्रेतांवरून झाली. बाप्तिस्मा घेतलेला मुलगा बापाच्या दुसऱ्या दफनात बंदुकीचे बार काढणार की नाही? म्मुओ आले तर त्यांच्यापुढे वाकणार की नाही? आणि त्याने नाही म्हटलं, तर बाप वेशीबाहेरच राहणार, त्याचं पाप कोणावर? ख्रिस्ती झालेल्या पहिल्या पिढीला नरकाच्या भीतीपेक्षा हा प्रश्न जास्त जाळत असणार. जी. टी. बॅस्डन या मिशनऱ्याने १९२१ आणि १९३८च्या पुस्तकांत दुसऱ्या दफनाची तपशीलवार वर्णनं केली आहेत. ज्या विधीला त्याचं चर्च विरोध करत होतं, तो आज आपल्याला बऱ्याच अंशी त्याच्याच लेखणीतून दिसतो. शेवटी तडजोड लोकांनीच काढली. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, दुपारी घरच्या आवारात दफन, मग आभाराची उपासना आणि त्याला जोडून जेवणावळी, नाच, जावयांच्या गाई. धर्म बदलला तरी जिवंतांनी मृताला पोचवायचं, हा हिशेब त्यांनी चुकू दिला नाही.

तो हिशेब चुकला युद्धात. १९६६मध्ये उत्तर नायजेरियात इग्बोंच्या कत्तली झाल्या, वाचलेले आगगाड्या भरून पूर्वेकडे परतले, मेलेले तिकडेच राहिले. ३० मे १९६७ला पूर्व भागाचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांनी बियाफ्रा हे स्वतंत्र राष्ट्र जाहीर केलं. जुलैत युद्ध पेटलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बियाफ्राचं सैन्य नायजर ओलांडून मागे हटलं, पूल उडवला, आणि नदीच्या पश्चिम काठावरचं इग्बोभाषी असाबा शहर संघराज्याच्या सैन्याच्या हाती पडलं. सैनिक घराघरात शिरून पुरुष मारू लागले. ७ ऑक्टोबरला शहरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, की सगळ्यांनी मिळून सैन्याचं स्वागत करायचं, नायजेरिया एक आहे अशा घोषणा द्यायच्या, म्हणजे हे थांबेल. लोक अक्वा ओचा नेसून निघाले. हे हातमागाचं पांढरं कापड असाबात सणालाही नेसतात आणि मर्तिकालाही.

मिरवणूक नाचत-गात चालली असताना सैनिकांनी बायका आणि लहान मुलं वेगळी काढली. पुरुष आणि कळते मुलगे ओग्बे-ओसोवा या वस्तीतल्या मोकळ्या जागेत नेले आणि मशीनगन चालवल्या. त्या दिवशी काहीशे माणसं मेली. एकेका घरातले बाप, चुलते आणि चार-चार भाऊ एकाच वेळी गेले.

एलिझाबेथ बर्ड आणि फ्रेझर ओटानेली या संशोधकांनी असाबातल्या वाचलेल्यांच्या साक्षी जमवून २०१७मध्ये पुस्तक लिहिलं. त्या साक्षींत गोळ्यांच्या इतकीच प्रेतांची आठवण येते. काही बायकांनी, पोरांनी ढिगातून आपला माणूस ओळखला, कसाबसा घरी ओढत आणला आणि आवारात उथळ खड्डा करून पुरला. बाकीच्यांना सामूहिक खड्ड्यांत ढकललं गेलं. न्हाऊ घातलं नाही, बार काढला नाही, माहेरवाशिणी रात्रभर बसल्या नाहीत. ज्यांनी विधी करायचा ते मुलगे त्याच खड्ड्यात. स्वागतासाठी नेसलेलं पांढरं कापड तेवढं कित्येकांच्या अंगावर राहिलं.

या गोष्टीचं गांभीर्य बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. कत्तल कुठेही कत्तलच. पण इथे मारणाऱ्याने दोन गोष्टी हिरावल्या. माणसाचा जीव घेतला आणि त्याला पूर्वज व्हायची वाटही बंद केली. युद्ध १५ जानेवारी १९७०ला संपलं तोपर्यंत बियाफ्रात दहा लाख किंवा त्याहून जास्त माणसं मेली होती, बहुतेक उपासमारीने. त्यांपैकी किती जणांना नीट माती मिळाली असेल? आणि वाचलेल्यांनी विधी करायचा तर कशाने? बियाफ्राच्या काळात व्यवहार झालेल्या बँक खात्यांत कितीही पैसा असला तरी खातेदाराला वीस पौंड देऊन वाटेला लावलं गेलं. वीस पौंडांत माणूस आधी छपराचे पत्रे घेईल, गाय नव्हे.

असाबाबद्दल सरकारी पातळीवर तीसेक वर्षं जवळपास शांतता होती. एमा ओकोचा यांचं ‘ब्लड ऑन द नायजर’ १९९४मध्ये आलं. लष्करी राजवट गेल्यावर न्यायमूर्ती ओपुटा यांच्या मानवी हक्कभंग चौकशी आयोगापुढे असाबाकरांनी साक्षी दिल्या. युद्धकाळातले राष्ट्रप्रमुख याकुबू गोवॉन यांनी २००२मध्ये असाबाच्या लोकांची माफी मागितली. दर ७ ऑक्टोबरला तिथे स्मरण होतं. मला यातलं सगळ्यात मोलाचं काम नावं गोळा करण्याचं वाटतं. नावाशिवाय पूर्वजाला हाक मारता येत नाही.

आजच्या इग्बो अंत्यविधींचा भपका पाहून बाहेरचे लोक नाकं मुरडतात. शवागारात महिनोन् महिने ठेवलेला देह, रस्तोरस्ती फलक, एकसारख्या कापडाचे कपडे, बँडचे ताफे, कर्ज काढून उभारलेले मांडव. अझिकिवे ११ मे १९९६ला गेले, त्यांचं दफन ओनित्शात नोव्हेंबरमध्ये झालं. ओजुक्वू २६ नोव्हेंबर २०११ला लंडनमध्ये वारले. देह अबुजाला आला, मग इग्बो राज्यांतून फिरवत नेला आणि २ मार्च २०१२ला न्नेवी या त्यांच्या मूळ गावी पुरला. अचेबे २१ मार्च २०१३ला बॉस्टनमध्ये गेले आणि २३ मे रोजी ओगिडीच्या मातीत विसावले. अमेरिकेत किंवा लंडनमध्ये टॅक्सी चालवणारा साधा माणूस मेला तरी तिथला इग्बो संघ वर्गणी काढून त्याला गावी पाठवतो. मी याला नुसता दिखावा म्हणायला तयार नाही. ज्या समाजाची माणसं डनबार खाडीत आणि ओग्बे-ओसोवात पोचवल्यावाचून राहिली, त्याने प्रत्येक देह गावी नेण्याचा हट्ट धरला तर तो मला समजतो.

तरीही कर्ज हे कर्जच. गावातल्या चारचौघांत मान राहावा म्हणून जमीन विकणारी, मुलांच्या शिक्षणाचा पैसा मांडवात घालणारी घरं आहेत, आणि त्याविरुद्धचा सगळ्यात जोरदार आवाज इग्बोंमधूनच उठतो. बिशपांनी पत्रकं काढली, ग्रामसभांनी नियम केले. अनाम्ब्रा राज्याने २०१९मध्ये अंत्यविधी नियंत्रणाचा कायदाच केला. शवागारात देह दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, विधी एका दिवसात आटपायचा, रात्रीची जागरणं नाहीत, रस्ते अडवायचे नाहीत, बंदुकीचे बार नाहीत. अंमलबजावणी जेमतेमच झाली. आणि जुना नियम अजून कित्येक गावांत पाळला जातो: बापाची इक्वा ओझू बाकी असेल तर मुलाची करता येत नाही. त्यामुळे एखाद्या घरात कर्ता माणूस गेला, की आधी जुन्या हिशेबाची चौकशी होते आणि दोन-दोन पिढ्यांचं थकलेलं दुसरं दफन एकदमच करावं लागतं.